मॉक ज्युरी: आरोपीचं फक्त आडनाव बदलून पूर्वग्रह दिसेल का?

विधी_सोलापूर: कॉलेजच्या सेमिनारसाठी प्रयोग आखतोय. अमेरिकेत आरोपीचा वर्ण बदलून मॉक ज्युरीचा (लुटुपुटूच्या खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य लोकांच्या गटाचा) निकाल तपासतात. इथे चोरीच्या खटल्याच्या दोन फायली करायच्या, एकीत आरोपी कुलकर्णी, दुसरीत पारधी समाजातला पवार. बाकी मजकूर तोच. एवढं पुरेल?

फौजदारी_बाजू: नाही पुरणार. पवार, काळे, भोसले पारध्यांतही आहेत आणि मराठ्यांतही. वाचणाऱ्याला कळणारच नाही. आणि 'पारधी' असं ठळक लिहिलंत तर लोक सावध होतात. सॉमर्स आणि एल्सवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत हेच दिसलं: खटल्यात वर्णाचा मुद्दा उघड आला की गोरे ज्युरर जपून निकाल देतात, तो नुसता ओघात आला की कृष्णवर्णीय आरोपीला जास्त दोषी धरतात. म्हणून आडनाव एकच ठेवा आणि पत्ता बदला. एकीत 'सेटलमेंट' (इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथे ठेवलं ती वस्ती), दुसरीत तितकीच गरीब दुसरी वस्ती. जुळे सोलापूरसारखा सुखवस्तू भाग नको, नाहीतर फरक जातीचा की पैशाचा ते सांगता येणार नाही. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, पण सोलापुरात तो पत्ता वाचून लोक काय समजतात ते वेगळं सांगायला नको.

आकडेमोड: पुरावा काठावरचा हवा. सीसीटीव्ही आणि जप्त माल दोन्ही दाखवलेत तर सगळेच 'दोषी' म्हणणार. आधी दहा-बारा जणांवर फाइल तपासा, निम्मे दोषी म्हणेपर्यंत पुरावा कमी-जास्त करा. एकाला एकच फाइल, तीही चिठ्ठी टाकून. चर्चेआधी प्रत्येकाचा निकाल लेखी घ्या, सोबत खात्री 1 ते 9 मध्ये. नुसत्या हो-नाहीत बारीक फरक दिसायला खूप माणसं लागतात. चर्चेनंतर मात्र सहा जणांचा गट म्हणजे एकच नोंद, सहा नव्हेत. इथे बहुतेक सेमिनार घसरतात.

विधी_सोलापूर: गट कसे पाडू? आणि आपल्याकडे ज्युरीच नाही, परीक्षक विचारणारच.

फौजदारी_बाजू: काही गट एकाच जातीचे, काही मिश्र. फ्लोरिडातल्या खऱ्या खटल्यांच्या अभ्यासात (2012) ज्युरी निवडायच्या यादीत सगळे गोरे असताना कृष्णवर्णीय आरोपी 81 टक्के दोषी ठरले, गोरे 66 टक्के. यादीत एक जरी कृष्णवर्णीय असला की कृष्णवर्णीय आरोपी 71, गोरे 73. तो शेवटी ज्युरीत बसलाच पाहिजे असंही नाही! सॉमर्सच्या 2006 च्या प्रयोगात मिश्र गटातले गोरे ज्युरर खटल्यातली तथ्यं जास्त मांडत होते आणि चुका कमी करत होते. तेव्हा चर्चा रेकॉर्ड करा, चुकीची विधानं मोजा.

ज्युरी नसली तरी निकाल देणारा न्यायाधीशही माणूसच. परीक्षकांना भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 49 दाखवा: आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य एरवी गैरलागू. पत्ता वाचून न्यायाधीशाच्या मनात जे येतं त्याला मात्र कुठलंच कलम अडवत नाही. सेमिनारचा विषय तोच ठेवा.