ब-३०४ ची पाटी परत चुकली

(सोलापुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

चिंताकिंदी, ब-३०४ : सेक्रेटरी साहेब, नमस्कार. आत्ता दूध आणायला खाली गेलो तेव्हा लॉबीतला नवीन बोर्ड पाहिला. आमचं आडनाव परत ‘चिंतामणी’. ही तिसरी वेळ आहे. आधी मेंटेनन्सच्या पावतीवर, मग गॅस पाइपलाइनच्या यादीत, आणि आता पितळी अक्षरांत.

सेक्रेटरी : नमस्कार. मी यादी बरोबरच दिली होती. पाटीवाल्याला वाटलं टायपिंगची चूक आहे, म्हणून त्यानं स्वतःच ‘दुरुस्त’ केलं. पुढच्या वेळी लक्ष ठेवू.

चिंताकिंदी, ब-३०४ : पुढची वेळ म्हणजे पुढचा बोर्ड. मागचा बोर्ड ११ वर्षं टिकला.

खजिनदार, अ-२०२ : बिल पूर्ण दिलेलं आहे. बदल करायचा तर खर्च कोणाचा ते आधी ठरवा.

जोशी काकू, क-२०१ : पाणी आज आहे का उद्या?

रोहित, क-१०३ : काका, टेन्शन घेऊ नका, चिंता किंचितच आहे 😄

बागवान, ब-१०२ : 😂😂

चिंताकिंदी, ब-३०४ : रोहित, शाळेत हजेरीच्या वेळी हाच विनोद मी १० वर्षं ऐकलाय. माझी मुलगी सातवीत आहे, आता ती ऐकते. मागच्या आठवड्यात घरी येऊन विचारत होती, आपण आडनाव बदलू शकतो का.

रोहित, क-१०३ : सॉरी काका. तसं म्हणायचं नव्हतं.

पाटील काका, अ-१०१ : अहो पण एवढं मनाला काय लावून घेता? चिंतामणी गणपतीचं नाव. शुभच आहे की.

चिंताकिंदी, ब-३०४ : काका, गणपतीला माझाही नमस्कार. पण तुमच्या पाटीवर ‘पटेल’ आलं असतं तर चाललं असतं का?

पाटील काका, अ-१०१ : ते वेगळं.

देशपांडे सर, क-४०२ : वेगळं कसं? चिंताकिंदी, तुम्ही एकदा सगळ्यांना अर्थच सांगा. माझ्या वर्गात या आडनावाची मुलं होती. अर्थ विचारायचं मला कधी सुचलं नाही, याची खंत आहे.

चिंताकिंदी, ब-३०४ : सांगतो सर. तेलुगूत ‘चिंत’ म्हणजे चिंच आणि ‘किंद’ म्हणजे खाली. चिंतकिंदि म्हणजे चिंचेखालचे. ज्यांचं घर चिंचेच्या झाडाखाली, ते. मराठीतल्या चिंतेशी, काळजीशी याचा काही संबंध नाही. आम्हा पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर लोकांत आडनावाला ‘इंटि पेरू’ म्हणतात, म्हणजे घराचं नाव. एका गावात चार मल्लय्या असले की कुठला मल्लय्या? तर चिंचेखालचा. म्हणून तेलुगूत आडनाव आधी आणि माणसाचं नाव नंतर. आधी घर सांगायचं, मग माणूस. आमच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर तसंच आहे. इकडे आडनाव शेवटी लिहायची पद्धत, त्यामुळे एका कार्यालयात आजोबांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं. ते निस्तरायला वडिलांना दीड वर्ष लागलं. एवढं सोसून जे नाव टिकवलं ते पाटीवाल्यानं पाच मिनिटांत बदललं, म्हणून राग आला.

हिरेमठ काकू, अ-३०३ : किती छान ओ! आमच्या कन्नडात चिंचेला हुणसे म्हणतात. हुणसीकट्टी आडनावाचे लोक आहेत आमच्या माहेरच्या ओळखीत. कट्टी म्हणजे झाडाचा पार. म्हणजे तुम्ही चिंचेखालचे आणि ते चिंचेच्या पारावरचे. शेजारीच झाले की.

गड्डम वहिनी, ब-२०१ : आमचं ऐका. जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, तुमचं आडनाव गड्ड्यावरून पडलं का म्हणून. गड्डम म्हणजे तेलुगूत दाढी! सासरच्या कुठल्या आजोबांची दाढी होती देव जाणे, आता घरात सगळे गुळगुळीत.

बागवान, ब-१०२ : आमचं बरंय, सरळ धंद्याचंच नाव. बाग सांभाळणारा तो बागवान. मघाशी हसलो त्याबद्दल माफ करा चिंताकिंदी भाई.

खजिनदार, अ-२०२ : बिल दिलेलं आहे. खर्च कोणाचा?

जोशी काकू, क-२०१ : पाण्याचं कुणी सांगेल का? टाकी धुवायची आहे.

पाटील काका, अ-१०१ : अर्थ चांगला आहे, मान्य. माझं म्हणणं एवढंच, आडनाव मूळचं इकडचं नाही, त्यामुळे गोंधळ होणारच. शेवटी ‘-कर’ लावलेलं असतं तर कुणी चुकलं नसतं.

गड्डम वहिनी, ब-२०१ : काका, ‘मूळचं इकडचं’ म्हणजे काय ते जरा स्पष्ट बोला.

चिंताकिंदी, ब-३०४ : वहिनी, राहू द्या, मी बोलतो. काका, सोलापुरात जुनी मिल सुरू झाली १८७७ साली. सूत इथं, माग इथं, आणि निजामाच्या राज्यातल्या आमच्या गावात हाताला काम नाही. मग माणसं पायी आली, रेल्वेनं आली. शहराच्या पूर्व भागात घरातच माग टाकले. आजोबा मागावर, आजी कांड्या भरायला. मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो तेव्हा तुम्हीही फूल वाहायला येता. पाचवी पिढी आहे ही. आणखी किती पिढ्यांनी इकडचे होतो आम्ही?

देशपांडे सर, क-४०२ : पाटीलसाहेब, तुमचं आणि माझं आडनाव तरी काय आहे? हुद्दे आहेत ते. पाटील गावचा मुख्य, देशपांडे परगण्याचा हिशेब ठेवणारा. वतनं गेली आणि नावं उरली. आपण गावाच्या कारभारावरून ओळखले गेलो, हे झाडावरून. मला विचाराल तर झाड जास्त देखणं आहे. आणि चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबून एकदा नावं वाचा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्यातलं मूळचं इकडचं आडनाव कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे ठरवायची माझी तरी छाती नाही.

हिरेमठ काकू, अ-३०३ : 🙏

पाटील काका, अ-१०१ : मला कुणाला बाहेरचं म्हणायचं नव्हतं. विषय कुठल्या कुठे नेला.

सेक्रेटरी : कृपया सर्वांनी शब्द जपून वापरावेत ही विनंती.

गड्डम वहिनी, ब-२०१ : ही विनंती अर्ध्या तासापूर्वी हवी होती.

रोहित, क-१०३ : एका वेबसाइटवर दाखवूलालंय की या आडनावाची जगात किती माणसं आहेत, नकाशासकट. टाकू का?

देशपांडे सर, क-४०२ : नको रे बाळा. आपली जनगणना मातृभाषा विचारते आणि तिचे आकडे छापते. आडनावांचे आकडे छापत नाही. मग ती साइट मोजते कशावरून? अमेरिकेत जनगणना खातं १०० किंवा जास्त लोकांची आडनावं जाहीर करतं, २०१० च्या यादीत १,६२,२५३ आडनावं होती. आपल्याकडे तशी यादी नाही.

चिंताकिंदी, ब-३०४ : आकडा नाही, पण माणसं कुठं आहेत ते आम्हाला ठाऊक असतं. तेलंगणात आहेत आणि तिथून विणकर जिथं जिथं गेले तिथं आहेत. लग्न ठरवताना पहिला प्रश्न इंटि पेरू आणि गोत्र. कुठला चिंताकिंदी कुठल्या गावचा, हे आमची आजी बोटावर सांगायची. रोहित, शोधायचंच असेल तर चिंतकिंदि मल्लेशम शोध. पोचमपल्ली साडीचं सूत मांडताना त्यांच्या आईचा हात दिवसभरात हजारो वेळा पुढेमागे व्हायचा, खांदा दुखायचा. म्हणून त्यांनी ते काम करणारं यंत्र बनवलं आणि त्याला आईचं, लक्ष्मीचं नाव दिलं. २०१७ ला पद्मश्री मिळाली.

रोहित, क-१०३ : बघितलं काका. भारीच. शाळासुद्धा मधेच सुटली होती त्यांची! हे तुमच्या दीदीला शाळेत सांगायला सांगा.

चिंताकिंदी, ब-३०४ : आत्ताच वाचून दाखवलं तिला. फोटो मागूलालीय.

बागवान, ब-१०२ : भाई, चिंचेचा नवा माल आलाय. दोन किलो घरी पाठवतो.

गड्डम वहिनी, ब-२०१ : चिंच नको, कोवळा पाला मिळतो का बघा. चिंतचिगुरू, म्हणजे तोच पाला, घालून पप्पू (आमचं वरण) केला की मी अ-१०१ ला पण वाटी पाठवते. काका, खाणार ना?

पाटील काका, अ-१०१ : पाठवा. नाही कशाला म्हणू.

खजिनदार, अ-२०२ : सगळं ठीक. पण खर्च?

पाटील काका, अ-१०१ : माझ्याकडून घ्या आणि आता तो मेसेज बंद करा.

सेक्रेटरी : पाटीवाला मंगळवारी येतोय. मी समोर उभा राहून करून घेतो. जोशी काकू, पाणी उद्या पहाटे. चिंताकिंदी साहेब, आडनाव कसं हवं ते इथंच नीट लिहा. तेलुगूत जसं आहे तसं, का काना देऊन?

चिंताकिंदी, ब-३०४ : तेलुगूत ‘त’ ऱ्हस्व आहे. पण आजोबा इथल्या रात्रशाळेत मराठी शिकले आणि मिलच्या पगारपत्रकावर काना देऊन सही करायला लागले. ती सही फोटो काढून टाकतो. तशीच अक्षरं घ्या : चिंताकिंदी.