मदत हवी आहे: बर्फाला टेकून रक्ताच्या दोन पिशव्या बाद झाल्या, पेटी कशी भरायची?

रक्तपेढीतून आमच्या छोट्या रुग्णालयात रक्त आणायचं काम माझ्याकडे आहे. प्रवास अडीच तासांचा. मागच्या खेपेला पॅक्ड सेलच्या (म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या लाल पेशींच्या) सहा पिशव्या आणल्या. झाकणातला थर्मामीटर वाटभर ५ अंश दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त होते. पिशव्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पेशी खाली बसल्यावर बघते तर दोन पिशव्यांत वरचा द्रव लालभडक! बाकी चारांत तो स्वच्छ होता. त्या दोन्ही पिशव्या पेटीच्या तळाशी थेट जेल पॅकवर टेकल्या होत्या. पेशी गोठून फुटल्या होत्या. कुणीतरी वेळ काढून, सुई टोचून घेऊन दिलेलं रक्त माझ्या हातून वाया गेलं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

साठवताना २ ते ६ आणि वाहतुकीत २ ते १० अंश, हे पाठ आहे. रक्त तापू नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो, पण ते गोठेल याचा विचारच केला नव्हता.

फ्रीझरमधून काढलेले पॅक तुम्ही किती वेळाने पेटीत घालता? थर्मामीटर नेमका कुठे ठेवायचा? आणि प्लेटलेट्स त्याच फेरीत आणता येतील का?

प्रतिसाद:
ताई, घड्याळावर जाऊ नका. जेलऐवजी पाण्याचे पॅक घ्या आणि कानाशी धरून हलवा. आतला बर्फ सुटून पाणी खळखळलं की मगच पेटीत घाला. थंड हवा खाली उतरते, म्हणून पॅक पिशव्यांच्या वर ठेवायचे, मध्ये जाड पुठ्ठा. थर्मामीटरचा सेन्सर दोन पिशव्यांच्या मध्ये रबरबँडने बांधा; झाकणातला आकडा हवेचा असतो, रक्ताचा नाही.

प्लेटलेट्स त्याच गाडीत चालतील, त्याच पेटीत अजिबात नाही. त्यांना २० ते २४ अंश लागतात, बर्फ नको. एरवी त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात. प्रवासापुरता खंड चालतो, पण तोही २४ तासांच्या वर नाही. पोचल्याबरोबर अ‍ॅजिटेटरवर, म्हणजे पिशव्या सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर ठेवा.

आणि पुढच्या खेपेआधी पाणी भरलेल्या पिशव्या घेऊन एक फेरी मारून बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. परवा भर दुपारी पाण्याच्या सहा पिशव्या घेऊन निघते. सेन्सर एकदा मधल्या आणि एकदा पॅकलगतच्या पिशव्यांत बांधून दर पंधरा मिनिटांनी आकडा टिपेन. तक्ता इथेच टाकते, कुठे चुकलं तर सांगा.