सल्ला हवा: गावाचा इतिहास लिहायचाय, जुने नकाशे कुठं मिळतील? (आटपाडी, जि. सांगली)

माणकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव आटपाडी तालुक्यात, माणगंगेच्या काठाला. पुढच्या जत्रेपर्यंत गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची असं पोरांनी ठरवलंय. जुनी माणसं सांगतात की गाव मूळचं नदीपलीकडं होतं, प्लेगात उठलं आणि अलीकडं वसलं. पलीकडं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं टेकाड आहे, नांगरटीला खापरं निघतात. पण एक भावकी म्हणते, गाव पहिल्यापासून इथंच, ते टेकाड म्हणजे नुसती वाडी होती. छापायचं तर पुरावा पाहिजे. गुगल अर्थवर मागं जाऊन बघितलं, २००० च्या आधीचं काही धड दिसत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा मिळतो का? सुरुवात कुठून करावी?

शिवारफेरी:
टोपोशीटपासून, म्हणजे सरकारी स्थलदर्शक नकाशापासून करा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत सातारा शहराचा भाग ४७ जी आणि ४७ के मध्ये, मिरज-सांगली ४७ एल मध्ये. आटपाडीचा परिसर ४७ के/१५. तुमचं गाव शेजारच्या शीटमध्ये गेलं नाही ना, तेवढं बघा. हल्लीच्या शीटला ई ४३ ने सुरू होणारे नंबर असतात, ती विभागाच्या साइटवर नोंदणी करून उतरवता येतात. पण तुम्हाला हवी ती जुनी, एक इंचाला एक मैल प्रमाणाची. पुण्याच्या कार्यालयात विचारा. त्यात विहिरी, गाडीवाटा, देवळं, एवढंच काय बाजाराचा वारसुद्धा गावाच्या नावाखाली छापलेला असतो.

टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर अमेरिकन लष्कराचे १९५० च्या दशकातले भारताचे नकाशे फुकट आहेत. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे गाव ठिपक्याएवढं. रस्ते कुठून कुठं जात होते ते समजायला बरे.

जुनाकागद:
टोपोशीट चांगली, पण तुमच्या भांडणाचा निकाल तिच्यात लागणार नाही. आधी एक सांगा, १९४८ च्या आधी तुमचं गाव कोणाचं होतं?

हे विचारतोय कारण आपल्या भागात यावरच सगळं दफ्तर अवलंबून आहे. आटपाडी औंध संस्थानात, जत वेगळं संस्थान, मिरज-सांगली पटवर्धनांची, आणि खानापूर, तासगाव, वाळवा हे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातले तालुके. संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं सांगली हे नाव १९६० चं. म्हणून ‘सांगली’ म्हणून शोधलंत तर जुन्या यादीत तुमचं गाव सापडायचं नाही. सातारा, औंध, खानापूर, तिन्ही नावांखाली बघा.

आता तुमचा खरा प्रश्न. प्लेग मुंबईत आला १८९६ ला, आपल्याकडं त्यानंतर. सातारचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी तालुक्यांत रेव्हेन्यू सर्व्हे झाला तो त्याच्या कितीतरी आधी. गाव खानापूर तालुक्यात असेल आणि पहिल्या मोजणीच्या नकाशात गावठाण नदीअलीकडं दाखवलं असेल, तर प्लेगची गोष्ट तिथंच संपली. गाव हललं असलं तरी त्याआधी हललं. गावठाण पलीकडं दिसलं तर म्हाताऱ्यांचं म्हणणं खरं ठरायची शक्यता वाढली. गाव औंधचं असेल तर मात्र नकाशावर मोजणीचं साल आधी वाचा, संस्थानांच्या मोजण्या वेगळ्या झाल्या. साल न बघता नकाशा पुढं करणारे लोक फार आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात माझी बरीच संध्याकाळ गेलीय.

कराडची_ताई:
जुनाकागद दादांचं पटलं. भूमी अभिलेखमध्ये काय मागायचं ते मी सांगते, कारण नुसतं ‘जुना नकाशा द्या’ म्हटलं की परत पाठवतात.

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाच्या नकलेचा अर्ज करा. त्यात ‘एकत्रीकरण योजनेपूर्वीचा सर्व्हे नंबरनिहाय नकाशा’ असं स्पष्ट लिहा. हल्ली सरकारच्या महाभूनकाशा साइटवर दिसतो तो गट नंबरांचा, आणि गट पडले १९४७ च्या कायद्यानंतरच्या एकत्रीकरणात, म्हणजे शेतांचे तुकडे जोडताना. तो तुमच्या कामाचा नाही. सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते ९(३), ९(४) च्या उताऱ्यांवरून जुळवता येतं.

सोबत टिपण (मोजणीची मूळ आकृती), फाळणी बारा (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा कागद) आणि आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि शेतसारा यांची नोंद) मागा. आमच्या गावचं टिपण मी हातात घेऊन बघितलंय. कागद पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला, मागं कापड चिकटवलेलं. एकेका सर्व्हे नंबरची आकृती, बाजूला लांबी साखळ्या आणि आण्यांत. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, त्यामुळं हिशोब लगेच जमतो. बांधावरच्या दगडांच्या खुणा, ओढा, विहीर. आमच्या एका नंबरात चिंचेचं झाड काढलंय, ते आज नाही, पण त्या शेताला अजून चिंचेचा तुकडाच म्हणतात. जुन्या गावनकाशाचं प्रमाण बहुधा एक इंचाला २० साखळ्या असतं. कडेला शेजारच्या गावांची नावं लिहिलेली असतात, तीसुद्धा वाचा.

आणि आकारबंद नक्की बघा. पलीकडच्या टेकाडाच्या नंबराला आकार, म्हणजे शेतसारा लागलाय का? तो नंबर सरकारी म्हणून बिनआकारी सोडला असेल, शेजारचे सगळे नंबर मात्र आकारी असतील, तर तिथं वस्ती होती असं म्हणायला जागा आहे. गायरानही असू शकतं, म्हणून एवढ्यावर छापू नका.

मोडीवेडा:
मोडी येणारं कुणी बघून ठेवा. संस्थानी कागद मोडीत असणार. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. गावाचं नाव, परगणा आणि जवळचं साल देऊन विचारायचं. तिथं नकाशापेक्षा झाडे (गावच्या जमीन-महसुलाचे तक्ते), ताळेबंद, इनामाचे कागद जास्त मिळतील. नकाशाच पाहिजे हा हट्ट सोडला तर शिवेच्या भांडणाचा एखादा महजर, म्हणजे पंचांसमोरचा निवाडा, नकाशापेक्षा जास्त सांगून जातो. कुठला ओढा, कुठली वाट, कुठलं झाड, सगळं साक्षीदारांच्या तोंडून.

कोयनेचा:
आमचं गाव शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात गेलं, त्यामुळं हा शोध आम्हीही केलाय. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांचे १९६० ते १९७२ चे फोटो १९९५ ला खुले झाले. अमेरिकन भूसर्वेक्षण विभागाच्या अर्थ एक्स्प्लोरर साइटवर शोधा. एखादी पट्टी कुणी आधी पैसे भरून स्कॅन करून घेतली असेल तर बाकीच्यांना फुकट. बागायत यायच्या आधीचं माणदेश त्यात दिसेल. पांढरीची माती काळ्या रानात उजळ उठून दिसते. उन्हाळ्यातली तारीख निवडा, पिकं नसतात.

शिवारफेरी:
हे भारी सुचवलंत. सगळं एकावर एक ठेवायला क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर वापरा. देऊळ, नदीचा संगम, न हललेली विहीर असे पक्के बिंदू जुळवून नकाशा बसवायचा. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकू नका. त्यांचं मोजमाप एव्हरेस्ट या जुन्या सर्वेक्षण पद्धतीवर आहे, आजच्या जीपीएसशी मेळ बसत नाही, गाव बाजूला सरकतं.

माणकाठचा:
मंडळी, खूप आभार. वडील म्हणतात, गाव औंधचं. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी स्वतंत्रपूरची कैद्यांची वसाहत काढली, ती आजोबांनी बघितलेली. मग साताऱ्याला जाऊ की सांगलीला? आणि कार्यालयात ‘नकाशा जीर्ण आहे, नक्कल मिळणार नाही’ म्हणाले तर?

कराडची_ताई:
आधी आटपाडीलाच. तिथं नसेल तर सांगलीला जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेखकडं, मग साताऱ्याला. भूमी अभिलेखची स्कॅन केलेल्या कागदांची साइट आहे, ‘आपले अभिलेख’, तुमचा तालुका त्यात आलाय का तेही बघा. जीर्ण म्हणाले तर तोंडी ऐकून येऊ नका, तसं लेखी द्या म्हणायचं. आम्हाला एका कार्यालयात असंच सांगितलं होतं. लेखी मागितल्यावर नकाशा निघाला. अवलोकनाचा अर्जही करता येतो, म्हणजे नक्कल नाही तर निदान समोर बसून बघता येतं. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

जुनाकागद:
आणि दोन्ही भावकीतलं एकेक माणूस सोबत न्या. नकाशा सगळ्यांसमोर उघडलेला बरा.