मेळघाटातला जुना जंगलरस्ता दरवर्षी वाहून जातो. दुरुस्ती कुठून सुरू करायची?

सातपुडा_पायवाट
गाव धारणी तालुक्यात. डांबरी रस्त्यापासून गावापर्यंत चार किलोमीटर कच्चा जंगलरस्ता आहे, इंग्रजांच्या काळात सागवान ओढायला काढलेला. रुंदी जेमतेम तीन मीटर. दर दिवाळीनंतर जेसीबी लावून सपाट करतात, वर मुरूम टाकतात. पोळ्यापर्यंत निम्मा मुरूम नाल्यात गेलेला असतो आणि मधोमध गुडघाभर चर पडलेला असतो. अडचणीच्या जागा तीन: साधारण दोनशे मीटरचा चढ, जिथे भरलेली ट्रॉली मागे सरकते, काळ्या मातीचा तेवढाच पट्टा, आणि नाल्यावरचा रपटा (पूर वरून जाऊ देणारी बुटकी फरशी), ज्याची खालची कड दरसाल थोडी थोडी तुटते. वनखातं रुंदी वाढवू देत नाही. गावात बहुतेकांचं म्हणणं की सगळा रस्ता सिमेंटचा केल्याशिवाय सुटका नाही. खरंच तसं आहे का? हातात पैसे थोडे आहेत, आधी काय करावं?

दगडी_मोरी
भाऊ, मुरूम नेतं ते पाणी, आणि पाण्याला रस्त्यावर कोंडून ठेवतो तो जेसीबी. बकेटने सपाट करताना वरचा दबून घट्ट झालेला थर खरवडला जातो आणि ती माती दोन्ही कडांना वरंब्यासारखी साठते. चार-पाच वर्षं असं झालं की रस्ता शेजारच्या जमिनीपेक्षा हातभर खाली जातो. मग कडेला गटार काढून काही उपयोग नाही, रस्ताच गटार झालेला असतो. वर टाकलेला सुटा मुरूम पहिल्या जोरदार पावसात जाणारच.

म्हणून नवीन मुरमाचा एक टिप्परही मागवण्याआधी दरीकडचा वरंबा कापून काढा, सलग. जिथे रस्ता दोन्ही बाजूंनी खोल गेलाय, तिथे दर २०-३० मीटरला उताराच्या बाजूला तिरका चर काढून पाणी जंगलात सोडा. चराचं तोंड फावड्याच्या दीड-दोन रुंदीचं हवं, नाहीतर पाचोळ्यानेच बुजेल.

मग आडवा उतार, म्हणजे रस्त्याच्या रुंदीतला. कच्च्या रस्त्याला ४ ते ५ टक्के लागतो. तीन मीटर रुंदीत सगळं पाणी दरीकडे काढायचं तर डोंगराकडची कड १२ ते १५ सेंटिमीटर उंच ठेवा. मधे उंच, दोन्हीकडे उतरता असा करायचा तर मध्यावर ६-७ सेंटिमीटर पुरतात, पण मग डोंगराकडच्या बाजूला गटार हवंच, आणि ते दरवर्षी उपसावं लागतं.

जाता जाता: लोक म्हणतात 'इंग्रजांचा रस्ता शंभर वर्षं टिकला', ते अर्धंच खरं. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आलं, १८६० च्या दशकात मेळघाटचं जंगल राखीव झालं, आणि हे रस्ते निघाले ते मुख्यतः उघडिपीतल्या वाहतुकीसाठी. पावसाळ्यात ते बंदच असायचे. पाऊस संपला की दरवर्षी नव्याने उघडायचे, आणि ते काम करायचे वनग्रामांतले कोरकू मजूर. मजूर हाताशी राहावेत म्हणून तर वनग्रामं वसवली. तुम्हाला बारमाही रस्ता हवाय, म्हणजे त्या रस्त्याकडून मूळ कधी मागितलंच नव्हतं असं काहीतरी मागताय.

उतारमाप
वरच्याशी सहमत, पण जुन्या आखणीला नावं ठेवू नका. भरलेली बैलगाडी चढेल असा उतार, १:२० च्या आसपास, डोंगराची कड धरून नेलेला असतो. आजही डोंगराळ भागातल्या ग्रामीण रस्त्याला नेहमीचा उतार ५ टक्केच धरतात, म्हणजे तोच. तुमचा दोनशे मीटरचा चढ मुळात तिथे होता की नंतर कोणी वळण वाचवायला सरळ काढला, ते बघा. बाजूच्या झाडीत जुन्या वळणाचा बेंच (डोंगर कापून केलेली सपाट पट्टी) सापडण्याची बरीच शक्यता आहे.

मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन माणसं १० मीटरवर उभी करा. दोन टोकांत अर्धा मीटर फरक आला तर ५ टक्के, एक मीटर आला तर १० टक्के.

रस्त्याच्या लांबीने धावणारं पाणी तोडण्यासाठी आडवे निकास किती अंतरावर, याचा ढोबळ नियम: २ टक्के उताराला दर ७५ मीटरवर, ५ टक्क्यांना ४० वर, १० टक्क्यांना २५ वर. ठिसूळ माती असेल तर आणखी जवळ. नुसता मातीचा उंचवटा टाकलात तर ट्रॅक्टर आठवड्यात तो दाबून टाकेल, किंवा ड्रायव्हर बाजूने नवी वाट काढतील. १० ते १५ मीटर लांबीचा उथळ खोलगट भाग करा, त्याच्या खालच्या अंगाला सौम्य उंचवटा द्या. ट्रॉली न आदळता जाते. खोलगट भाग रस्त्याला काटकोनात नको, साधारण ३० अंश तिरका हवा, म्हणजे गाळ तिथेच न बसता वाहून जातो. पाणी जिथे बाहेर पडतं तिथे हाताने रचलेले दगड घाला. भराव घातलेल्या जागेवर किंवा कोणाच्या शेतात तोंड काढू नका. भराव खचेल आणि शेतवाला तोंड बुजवेल.

सातपुडा_पायवाट
वळणाचं बघतो. दोन शंका. जेसीबी नको तर मुरूम पसरायचा कशाने? आणि रपट्याच्या जागी पाईप टाकून उंच केला तर चालेल का?

ब्रासभर_मुरूम
ट्रॅक्टरच्या मागचं ब्लेड पुरतं. ते तिरकं लावून कडेची माती मध्याकडे ओढायची. उलट केलंत तर पुन्हा वरंबा.

वेळ चुकवू नका. दिवाळीनंतर माती कोरडीठाक असते, रोलर कितीही फिरवा, धूळच उडते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जमिनीत ओल असताना दाबा. मूठभर मुरूम घट्ट आवळा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी मारा, चपटा झाला तर एक-दोन दिवस थांबा. रोलर ८ ते १० टनांचा, कडेपासून सुरू करून मध्याकडे.

हिशोब: तीन मीटर रुंद, १०० मीटर लांब, दाबल्यावर १५ सेंटिमीटर थर म्हणजे ४५ घनमीटर. सुट्यात तीस टक्के जास्त धरा, सुमारे ५८ घनमीटर, म्हणजे २१ ब्रासच्या आत-बाहेर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन थरांत टाका. एकाच थरात ओतला की वरची पाच बोटं दबतात आणि खालचं सुटंच राहतं. मुरमात कडक खडे आणि ते धरून ठेवणारी थोडी चिकण माती, दोन्ही हवं. नुसता पिवळा मातकट मुरूम स्वस्त मिळतो, पण पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो.

काळ्या मातीच्या पट्ट्यात आधी दोन्ही बाजूंनी खोल चर, मग रस्ता आजूबाजूपेक्षा उंच, आणि भरावाला काळी माती अजिबात नको. काळ्या मातीवर थेट दगडाचं सोलिंग (रचलेल्या मोठ्या दगडांचा पाया) टाकतात, तो पैसा बुडाला समजा. पावसाळ्यात माती मऊ होऊन दगडांच्या फटीतून वर येते आणि दगड खाली जातो. आधी १५ सेंटिमीटर मुरमाची किंवा वाळूची गादी, ती दाबून घ्यायची, त्यावर सोलिंग, वर मुरूम.

नाला_आणि_फरशी
पाईपचं डोक्यातून काढा. सागाची पानं उन्हाळ्यात पडतात, पहिल्या पुरात सगळी एकदम येतात आणि ३००-४५० मिलिमीटरचा पाईप एका पावसात बंद होतो. साफ करता येईल असा पाईप म्हणजे १००० मिलिमीटरचा, त्यावर किमान ६०० मिलिमीटर भराव. एवढी उंची नाल्यात आणलीत तर तुम्ही रस्ता नाही, बंधारा बांधला. पूर वरून जाईल किंवा बगलेने काठ फोडेल.

तुमच्या रपट्याची कड तुटते कारण पाणी फरशीवरून खाली पडतं, तिथे खड्डा पाडतं आणि तळातून माती ओढतं. वरून सिमेंटचं ठिगळ लावून हे थांबत नाही. खालच्या बाजूला फरशीच्या पूर्ण लांबीत आडवी भिंत खडकात रोवा. खडक नाही लागला तर दोन-अडीच मीटर तरी खाली न्या. भिंतीच्या पुढे मोठे दगड. दोघांना मिळूनही उचलवत नाही असे सुटे चालतील, लहान असतील तर तारेच्या जाळीत बांधून. आणि फरशीचा माथा नाल्याच्या तळाइतकाच ठेवा. वर उचलला की धबधबा झालाच. फरशी दोन्ही काठांवर पुराच्या खुणेपर्यंत चढवायची, हे बहुतेक ठिकाणी वाचवतात आणि मग फरशी मधे शाबूत, दोन्ही टोकांना खड्डे. कडेला खोली दाखवणारे रंगवलेले खांब लावा.

सिमेंटच_बरं
एवढा खटाटोप दरवर्षी कोण करणार? चार किलोमीटर काँक्रीट करा, वीस वर्षं बघायला नको.

उतारमाप
चार किलोमीटर, तीन मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड: १८०० घनमीटर काँक्रीट, खालचा पाया वेगळा. उलट फक्त चढाच्या दोनशे मीटरवर चाकांपुरते दोन पट्टे, प्रत्येकी ९० सेंटिमीटर रुंद, तेवढेच जाड, तर ५४ घनमीटर. मधल्या जागेत दगड रचा, दर २५ मीटरला आडवी पन्हळ द्या, नाहीतर पाणी दोन पट्ट्यांमध्ये धावून त्यांच्या बुडातली माती नेईल. सलग काँक्रीटचंही तेच होतं: कडेचं पाणी बाजूपट्टी खातं आणि स्लॅब अधांतरी राहतो. मुरमाचा खड्डा फावड्याने बुजतो, अधांतरी स्लॅब तुटला की ब्रेकर लागतो.

नकाशा_१९८०
कागदाचंही बघा. वनसंवर्धन कायदा २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाला. रस्ता त्याआधीचा आहे हे दाखवणारा जुना टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा नकाशा) किंवा वनखात्याच्या कार्य आयोजनेतला नकाशा मिळवून ठेवा. आहे त्या रुंदीतली दुरुस्ती आणि नवा रस्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. जुनं वळण पुन्हा उघडायचं ठरलं तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) (गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याचं) वापरता येतं: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, ग्रामसभेची शिफारस. चार किलोमीटर सलग धरलं तर १.२ हेक्टर होतं, ते बसणार नाही. वर सांगितलेले निकास चर वनजमिनीत जातात, म्हणून त्यांची जागा आरएफओंना (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना) सोबत नेऊन दाखवा आणि परवानगी लेखी घ्या. मुरूम जंगलातून उचलू नका, गाडी तिथेच जप्त होईल.

सातपुडा_पायवाट
म्हणजे यंदा वरंबा, निकास आणि रपट्याची भिंत; चढाचे पट्टे पुढच्या वर्षी. पावसाळ्यात बघायला माणूस किती लागतील?

दगडी_मोरी
दोन. मैलकुलीची जुनी पद्धत तीच होती, ठरलेल्या लांबीला ठरलेला माणूस. प्रत्येकी दोन किलोमीटर, हातात फावडं आणि कोयता. मेअखेरीस एकदा सगळी तोंडं साफ, मग जून ते सप्टेंबर प्रत्येक मोठ्या पावसानंतर फेरी. पहिल्या मोठ्या पावसात मात्र पाऊस चालू असतानाच जायला सांगा. पाणी कुठे रस्त्यावर चढतं आणि कुठे उतरायचं टाळतं, ते तेव्हाच दिसतं. तिथे चुन्याची खूण टिकणार नाही, खुंटी ठोका.