जागतिक स्पर्धा मोठी की ऑलिंपिक? माझं मत जागतिक स्पर्धेला

उशिरा_झोपणारा

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला मैदानी खेळांची जागतिक स्पर्धा झाली. भालाफेकीत नीरज चोप्रा ८४.०३ मीटरवर आठवा आला आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ‘संपला गडी’ म्हणून श्रद्धांजल्या सुरू झाल्या. त्याच अंतिम फेरीत सचिन यादव ८६.२७ मीटर टाकून चौथा आला होता. त्याचं नाव कुणी काढलं नाही. आपल्या नाशिक जिल्ह्याचा सर्वेश कुशारे उंच उडीत २.२८ मीटर मारून सहावा आला. जागतिक स्पर्धेत या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. मी ग्रुपवर टाकलं, तर उत्तर आलं ‘कोण कुशारे?’ हेच ऑलिंपिकला घडलं असतं तर चौकाचौकात फ्लेक्स लागले असते, आणि त्यावर कुशारेपेक्षा आमदारसाहेबांचा फोटो मोठा असता.

माझं म्हणणं असं की खेळाडू किती पाण्यात आहे हे बघायचं तर जागतिक स्पर्धा बघा, वर्षभराचं सर्किट बघा. ऑलिंपिक हा सोहळा आहे. छानच आहे, मीही रात्र रात्र जागतो. पण माप म्हणून ते तोकडं पडतं.

नीरजचंच घ्या. टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण ८७.५८ मीटरवर आलं, पॅरिसला ८९.४५ टाकूनही रौप्य, कारण अर्शद नदीमने ९२.९७ टाकला. आणि मे २०२५ मध्ये दोहा डायमंड लीगला (मैदानी खेळांच्या त्या वर्षभराच्या सर्किटमधली एक स्पर्धा) नीरजने पहिल्यांदा नव्वदी ओलांडली, ९०.२३. तिथेही दुसराच! म्हणजे सगळ्यात लांब गेलेल्या भाल्याला सुवर्ण नाही, आणि तो दिवस आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

दुसरं, ऑलिंपिकचा मांडवच लहान. कुस्तीत जागतिक स्पर्धेला फ्रीस्टाइलचे दहा वजनगट, ऑलिंपिकला सहा. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१९ ला नूर-सुलतानला ६१ किलोत कांस्य घेऊन आला. ६१ किलो ऑलिंपिकमध्ये नाहीच. एक तर ५७ ला उतरा नाही तर ६५ ला चढा, आणि ५७ ला त्याच स्पर्धेत रवी दहिया पदक घेऊन बसलेला. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनची (पालथं पडून नेम धरायचा) जगज्जेती झाली, पण महिलांचा तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हता. दुसऱ्या प्रकारातून ऑलिंपिकला पोचेपर्यंत तिची चाळिशी आली. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीचे जगज्जेते. अदिती तेव्हा १७ वर्षांची. पॅरिसला दोघांपैकी कुणी नाही, कारण कंपाउंडच नाही.

चार जगज्जेत्या दर्जाचे मराठी खेळाडू, आणि शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जागा नाही. आता बोला.

तिसरा_पंच

बोलतो. चौघांबद्दलची हळहळ मान्य. पण ‘त्यांचा प्रकार तिथे नव्हता’ यावरून ‘तिथली स्पर्धा हलकी’ हे कुठून काढलंत?

मैदानी खेळांत ऑलिंपिक असो की जागतिक स्पर्धा, एका देशाचे साधारण तिघेच. माणसं तीच, भाला तोच. फरक एवढाच की जागतिक स्पर्धा हुकली तर दोन वर्षांनी पुन्हा आहे. ऑलिंपिक हुकलं की चार वर्षं, आणि तोवर खांदा, गुडघा, घोटा काय साथ देईल देव जाणे. हे माहीत असताना धावपट्टीवर उभं राहायचं, हीच तर परीक्षा.

आणि जागतिक स्पर्धेला सगळे जीव ओततात म्हणता? फेब्रुवारी २०२४ ला दोह्याला जलतरणाची जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेची लेडेकी नाही, फ्रान्सचा मार्शाँ नाही. का? जुलैत पॅरिस होतं. ज्या जगज्जेतेपदाला जगातले मोठे मोहरे ‘यंदा नको’ म्हणू शकतात, ते शेवटचं माप कसं?

नेम_धरून (कोल्हापूर)

नेमबाजीचं मी सांगतो, गेली कित्येक वर्षं रेंजवर पडीक असतो.

स्वप्नील कुसाळेची पॅरिसची ५० मीटर रायफलची अंतिम फेरी आठवा. त्याआधीची पात्रता फेरी त्याहून जास्त आठवा. साठ गोळ्या, वीस गुडघ्यावर, वीस पालथं पडून, वीस उभ्याने. स्वप्नीलचे ५९० झाले, सातवा, आत. आपल्याच ऐश्वर्य तोमरचे ५८९, अकरावा, बाहेर. साठ गोळ्यांत एक गुण! अंतिम फेरीत पाटी कोरी, सगळे पुन्हा शून्यावर. गुडघ्याच्या गोळ्या झाल्या तेव्हा आमचा राधानगरीचा पोरगा सहावा, पालथ्याच्या झाल्या तेव्हा पाचवा. मग उभं राहायचं. अंगात ते ताठ जाकीट, हातात जड रायफल, आणि आता नळी हलणारच. हलू नये असं नाही, हलताना कधी दाबायचं ते कळलं पाहिजे. तिथे तो एकेकाला मागे टाकत ४५१.४ वर तिसरा आला.

हाच स्वप्नील २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा होता. तेव्हा देशाचा कोटा (ऑलिंपिकमधली एक जागा) मिळाला म्हणून आम्ही पेढे वाटले, पण बाकी महाराष्ट्राला पत्ता नव्हता. तेव्हा धागाकर्त्यांचं निम्मं मान्य. प्रेक्षक म्हणून आपण झोपलेले असतो. पण दोन्हीकडे तोच माणूस, तीच रायफल, आणि पॅरिसला पोट जास्त ढवळतं हे कुठल्याही नेमबाजाला विचारा.

अवांतर: ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्याच कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. १८ वर्षांचा. कोटा त्याने आणला, पण कोटा देशाचा असतो, खेळाडूचा नाही. २०२४ च्या निवड चाचण्यांत तो मागे पडला आणि दुसरे गेले. जगज्जेता घरी बसून टीव्हीवर बघतोय, हे मात्र पचत नाही.

उशिरा_झोपणारा

@तिसरा_पंच, जलतरणाचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो ऑलिंपिक वर्षाचा. एरवी २०२३ ला बुडापेस्टला मैदानी स्पर्धेत कोण नव्हतं? तिथे भालाफेकीत नीरज पहिला, किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. आपल्या पोरांच्या ४ बाय ४०० रिलेने प्राथमिक फेरीत २:५९.०५ ची वेळ दिली, अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरे. शंभर मीटर उरले असताना अमेरिकेचा धावपटू मान वळवून मागे बघतोय, हे दृश्य मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि टेबल टेनिस? बीजिंग २००८ ला एकेरीची सगळी पदकं चीनने नेली, महिलांची तीन, पुरुषांची तीन. लगेच नियम बदलला, पुढच्या वेळेपासून एकेरीत एका देशाचे दोघेच. तिसरा चिनी जगात तिसरा असला तरी घरी. याला तुम्ही ‘सर्वोत्तमांची परीक्षा’ म्हणता?

तिसरा_पंच

म्हणतो. तुम्हाला सर्वोत्तम आठ चिनी बघायचे असतील तर चीनची राष्ट्रीय स्पर्धा बघा. ऑलिंपिक ही देशांची गाठ आहे. त्या नियमामुळेच इतरांच्या गळ्यात पदक पडण्याची वाट मोकळी झाली.

लाल_माती

लोक हो, खाशाबा जाधवांना विसरलात की काय? १९५२, हेलसिंकी. १९४८ ला लंडनला पहिल्यांदा मॅटवर उतरले आणि सहावे आले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल, मातीत वाढलेला, मॅटवर पाय सटकतो. पुढच्या खेपेला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे एका कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता रशियनाशी लावलं. तरी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

कुठल्या जागतिक स्पर्धेसाठी कुणी घर गहाण टाकलंय? ते नाव ऑलिंपिकचं होतं म्हणून पैसे उभे राहिले. तुमची मापं राहू द्या.

उशिरा_झोपणारा

दादा, खाशाबांपुढे मीही नतमस्तक. पण त्या माणसाला पद्म पुरस्कार हयातीत मिळाला नाही, अर्जुनही मरणोत्तर. ऑलिंपिकचं पदक आणूनही. म्हणजे तुमच्या त्या नावानेही फार काही केलं नाही की.

कडा_आष्टी_मार्गे

अविनाश साबळेचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आमच्या तालुक्यातला म्हणून नाही (म्हणूनच).

२०२४ ची दोन पॅरिस बघा. जुलैत डायमंड लीग, ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत), ८:०९.९१, राष्ट्रीय विक्रम. ऑगस्टात त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी, ८:१४.१८, अकरावा. धागाकर्ते म्हणतील विक्रम खरा. पंचसाहेब म्हणतील अंतिम फेरी खरी. अहो, डायमंड लीगला पुढे वेग लावून देणारा पळत असतो, त्याच्या मागे चिकटायचं. अंतिम फेरीत ती सोय नाही. कोण कधी सुटेल याचा नेम नाही, मध्ये अडथळे, पाण्याची उडी, गर्दीत खांदे. इथिओपियाचा गिरमा, ज्याच्या नावावर विश्वविक्रम, तोच शेवटच्या फेरीत अडखळून आपटला. दोन्ही शर्यती खऱ्या, पण त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीच्या गुणांवरून दुसरीत नापास करू नका.

आणि जाता जाता. राष्ट्रकुलला सगळे नाकं मुरडतात, ‘तिथे कोण येतं’ म्हणून. स्टीपलचेसला केनिया येतो! १९९८ पासून दर खेपेला तिन्ही पदकं केनियाची. २०२२ ला बर्मिंगहॅमला साबळे ८:११.२० ला पोचला, सुवर्ण ०.०५ सेकंदाने गेलं. ती मालिका एका बीडच्या पोराने तोडली. माझ्या लेखी त्याची सगळ्यात मोठी शर्यत तीच, आणि ती ना ऑलिंपिकची ना जागतिक स्पर्धेची.

वायफळ_बडबड

२०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट येतंय, फक्त सहा संघ. ते सुवर्ण विश्वचषकापेक्षा मोठं म्हणणारा एक जण दाखवा. धाग्याला +१.

तिसरा_पंच

क्रिकेट, फुटबॉल, टेनिस यांचं स्वतःचं घर आहे, ते ऑलिंपिकला पाहुणे म्हणून येतात. तरी सांगतो, २४ ग्रँड स्लॅम जिंकलेला जोकोविच पॅरिसला वयाच्या ३७ व्या वर्षी सुवर्ण मिळाल्यावर ढसाढसा रडला. त्याला जाऊन सांगा तोकडं माप.

मंजूषा_नागपूर

तुम्ही सगळे मान कुणाला याच्यावर भांडताय. मी भाकरी कुणाला विचारते.

सरकारची मोठी योजना कोणती? टार्गेट ऑलिंपिक पोडियम. नावातच उत्तर आलं. हरियाणात ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी, कांस्याला अडीच. आपल्याकडे स्वप्नीलला आधी एक कोटी जाहीर झालं, त्यावरूनही बोलणी झाली. आता आमच्या ओजसचं आणि अदितीचं बघा. धनुष्य तेच, ५० मीटरचं अंतर तेच. एप्रिल २०२५ ला लॉस एंजेलिससाठी कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा मंजूर झाली आणि एका रात्रीत हा प्रकार ‘गंभीर’ झाला. बर्लिनला जगज्जेतेपद मिळालं तेव्हा तो काय टिंगल होता?

त्यामुळे ऑलिंपिक मोठं की नाही याचं उत्तर खेळात नाही, तिजोरीत आहे. धागाकर्ते, तुमचं मत भावनेला पटतं, पण १४ वर्षांच्या मुलीच्या आईला मी ‘ऑलिंपिकमध्ये नसलेला प्रकार घे’ असं सांगणार नाही.

कोरियाच्या तिरंदाजीवर कुणी बोललंच नाही. टोकियोत तीन सुवर्णं जिंकलेली अन सान पॅरिसच्या संघात बसली नाही, देशातल्या चाचण्यांतच मागे पडली. जगातली सगळ्यात अवघड तिरंदाजी स्पर्धा ना ऑलिंपिक ना जागतिक, ती कोरियाची निवड चाचणी.

उशिरा_झोपणारा

@मंजूषा, आईला मीही सांगणार नाही. पण म्हणूनच तर म्हणतो, पैसा एका पंधरवड्यावर लावला की बाकीची चार वर्षं खेळाडू कशाच्या जिवावर काढणार? आपण प्रेक्षकांनी मधल्या स्पर्धा बघितल्या तर प्रायोजक तिकडे येतील. बॅडमिंटन दुहेरीतले सात्विक-चिराग पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत हरले, रडले, लोक हळहळले. तेच दोघे ज्या संघात होते त्याने २०२२ ला थॉमस करंडक (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) आणला होता, अंतिम सामन्यात इंडोनेशियाला ३-० ने लोळवून. बॅडमिंटनमध्ये त्याहून मोठं सांघिक यश नाही, आणि ऑलिंपिकला तर सांघिक बॅडमिंटन नाहीच.

लाल_माती

हॉकीचं बोला मग. टोकियो कांस्य, पॅरिस कांस्य. विश्वचषकात १९७५ नंतर एकही पदक नाही. २०२३ ला तर घरच्या मैदानावर न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरून उपांत्यपूर्व फेरीही नाही. तुमच्या मापाने आपली हॉकी कुठे बसते?

उशिरा_झोपणारा

नवव्या नंबरवर बसते, जिथे आली तिथे. विश्वचषकाला सोळा संघ, ऑलिंपिकला बारा. दोन कांस्यांचा आनंद आहेच, पण त्याने ५० वर्षांचं ते भगदाड झाकलं जात नाही. २०२६ ला सोय आहे बघा. ऑगस्टात नेदरलँड्स-बेल्जियममध्ये विश्वचषक, लगेच सप्टेंबरात नागोयाला एशियाड, आणि एशियाडचं सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिसचं थेट तिकीट. दोन्हीकडे पूर्ण जोर लावणं अवघड. तुम्ही प्रशिक्षक असता तर ताजे पाय कुठे ठेवले असते?

तिसरा_पंच

नागोयाला. डोळे झाकून. आणि तुम्ही त्या खुर्चीत बसलात तर तुम्हीही तेच कराल.

उशिरा_झोपणारा

मी अॅमस्टलवेनला, विश्वचषकाला. हरलो तर तुमच्या शिव्या खायला इथेच आहे.