११६ चे ४३ म्युझिक हब झाले, पण पोरं वाजवायला शिकली का हे कोण बघणार?

थेम्सकाठचा:
इंग्लंडमध्ये ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांनी जरा बोला. मामला असा, शाळांतल्या संगीत शिक्षणावरच्या डॅरेन हेन्लींच्या अहवालानंतर २०११ ला सरकारने म्युझिक प्लॅन काढला आणि २०१२ पासून हब आले, म्हणजे काउन्सिलची (इथली पालिका) म्युझिक सर्व्हिस, शाळा, एखादा ऑर्केस्ट्रा, स्थानिक संस्था यांनी मिळून त्या भागातल्या शाळांना वाद्यं आणि शिक्षक पुरवायचे. पैसे शिक्षण खात्याचे, वाटप आर्ट्स कौन्सिलकडून, म्हणजे कलांना सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेकडून. सप्टेंबर २०२४ ला ११६ हब एकत्र करून ४३ केले.

आता हे चालतंय की नाही ते ठरवताना किती शाळांपर्यंत पोचलो, किती पोरांना वर्गात वाद्य मिळालं हेच पुढे करतात. मिळालं म्हणजे काय हो? आमच्या चिरंजिवांच्या वर्गाला एक टर्म युकुलेली (छोटं चार तारांचं गिटार) होती. तीस युकुलेली, एक बाई, अर्धा तास सूर लावण्यातच जायचा, दोन कॉर्ड जमेपर्यंत टर्म संपली आणि खोकी परत व्हॅनमध्ये. कागदावर तीसच्या तीस पोरं वाद्य शिकली! माझं एकच म्हणणं, पुढच्या वर्षी त्यातली किती अजून वाजवतायत आणि त्यात फ्री स्कूल मीलवाली, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातली किती, याला सगळ्यात जास्त वजन द्या.

स्प्रेडशीटवाला:
आणि तो हिशोब ठेवणार कोण? सगळ्या हबना मिळून वर्षाला साधारण ७ कोटी ६० लाख पौंड, सरकारी शाळांत पोरं ऐंशी लाखांच्या वर, म्हणजे पोरामागे दहा पौंडसुद्धा पडत नाहीत. त्यात प्रत्येक पोराचा वर्षानुवर्षं माग काढायचा तर एक्सेल भरायला माणूस ठेवा आणि एक फिरता शिक्षक कमी करा. शिवाय दुसऱ्या वर्षी बऱ्याच ठिकाणी तासाचे पैसे पालकांच्या खिशातून, मग पोराने सोडलं तर हब नापास का?

थेम्सकाठचा:
अहो तेच तर दिसायला पाहिजे ना! पैसे नाहीत म्हणून सोडलं की कंटाळा आला म्हणून, एवढं शाळेने विचारलं तरी पुरे. पाच मिनिटांचं काम आहे.

स्प्रेडशीटवाला:
पाच मिनिटं? शाळेचं ऑफिस बघितलंय का कधी.

मिडलंड्सचा तबलजी:
मी हबसाठी शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडून बोलतो. एकत्रीकरणाला उगाच शिव्या देऊ नका, आधी शेजारशेजारच्या दोन काउन्सिलात जमीन-अस्मानाचा फरक असायचा. मोठ्या हबला वाद्यांचा साठा एकत्र ठेवता येतो, सरकारने वाद्यांसाठी वेगळे अडीच कोटी पौंड दिले त्यात अपंग मुलांना वाजवता येतील अशी वाद्यंही धरली होती, ती एकट्यादुकट्या छोट्या हबला कुठे परवडणार.

पण 'भागीदार' या शब्दाखाली काय खपवतात ते बघा. आमच्यासारख्यांना दिवाळीच्या असेंब्लीला बोलावतात, वीस मिनिटं तबला, थोडं बॉलिवूड, पोरं टाळ्या पिटतात, आणि वर्षअखेर भागीदारांच्या यादीत आमचं नाव. एका पोराला नीट 'ना' वाजवायला शिकवायचं तर आठवडे जातात हो, वीस मिनिटांत बोट कुठे ठेवायचं तेही सांगून होत नाही. मोजायचं तर भागीदाराला वर्षभरात किती तास दिले ते मोजा.

पुणेरी मावशी:
लांबून बोलतेय, राग मानू नका. आमच्याकडे दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. हेतू चांगलाच, पण क्लासला येणारे पालक पहिला प्रश्न विचारतात की गुण मिळायला कितवी परीक्षा लागते. सर्टिफिकेट हातात पडलं की पेटी माळ्यावर. आकडा बघाल तर संगीत शिकणारी पोरं भरपूर! आणि शाळेत काय, आरटीईप्रमाणे सहावी ते आठवीत शंभराच्या वर पट असेल तर कलेला अर्धवेळ शिक्षक. तुमच्याकडे निदान व्हॅन तरी येते.

एडिनबराकर:
स्कॉटलंडमध्ये हब नाहीत, काउन्सिलच बघते. २०२१ ला शाळेतल्या वाद्याच्या तासांची फी काढून टाकली आणि शिकणाऱ्या पोरांचा आकडा वाढला. दरवर्षी सर्व्हे निघतो, सगळ्यांना दिसतो. एवढी डोकेफोड कशाला?

स्प्रेडशीटवाला:
फी काढली की आकडा वाढणारच, त्यात नवल ते काय. शिक्षक तेवढेच राहिले तर वेटिंग लिस्टही वाढेल, ती पण टाका की सोबत.

शाळामास्तरीण:
मी इथे सेकंडरीला शिकवते. तुम्ही सगळे हबच्या मागे लागलाय, पण दार शाळेचं असतं आणि किल्ली हेडटीचरकडे. २०१० ला ईबॅक आलं, म्हणजे शाळा जोखायला सरकारने ठरवलेली मुख्य विषयांची यादी, त्यात संगीत नव्हतंच, मग टाइमटेबलमध्ये पहिली कुऱ्हाड कोणावर पडणार? २०२२ च्या प्लॅनमध्ये आठवड्याला निदान एक तास संगीत म्हटलंय, पण तो प्लॅन बंधनकारक नाही. हबने उद्या सोन्याचा व्हायोलिन पाठवला तरी तास नसेल तर तो कपाटातच. आधी शाळेला मार्क द्या, मग हबला.

थेम्सकाठचा:
हे पटलं, पण मग हब त्या शाळेला 'पोचलो' म्हणून मोजतो कसा? तिथेच तर माझं भांडण आहे. असो, २०२४ पासून शाळेने म्युझिक डेव्हलपमेंट प्लॅनचा (शाळेत संगीत कसं शिकवणार त्याचा आराखडा) सारांश वेबसाइटवर टाकणं अपेक्षित आहे. आपापल्या शाळेचा उघडा आणि हबकडून नक्की काय मिळतं असं लिहिलंय ते इथे सांगा.

स्प्रेडशीटवाला:
बघितला. हबचं नाव जुनंच आहे, लिंक उघडत नाही.