उत्तर: तळ्याकाठची सुट्टी, यंदा ठाण्यात?

प्रेषक: चिन्मय

नमस्कार मंडळी,

दर उन्हाळ्यात आम्ही चार कुटुंबं मिनेसोटात उत्तरेकडे तळ्याकाठी केबिन घेतो, हे आपल्या ईमेल-यादीवर बहुतेकांना माहीत आहे. रवा लावून तळलेल्या वॉलआयचे, म्हणजे तिथल्या तळ्यातल्या माशाचे, आमचे फोटो तुम्हीच तर सहन करता. यंदा आमच्यातल्या एकाच्या भाचीचं लग्न वैशाखात ठाण्यात आहे आणि अख्खी टोळी तिकडे निघालीय. म्हणजे मेच्या मध्याला इथे वॉलआयचा सीझन उघडेल, तेव्हा आम्ही घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये.

लग्न उरकल्यावर थोडे दिवस मोकळे आहेत. ठाणे म्हणजे तलावांचं शहर ना? मग तिथेच काठावर बसून गळ टाकता येईल का? सोबत मित्र, चांगलंचुंगलं खाणं आणि कामाचा एकही फोन नाही, एवढंच हवंय. रिसॉर्टच्या जाहिराती कृपया पाठवू नका, त्या मलाही येतात.

– चिन्मय

~

प्रेषक: मेघना

मे महिन्यात? ठाण्यात? आणि निवांत? अरे, दारातून रिक्षापर्यंत जाईस्तोवर शर्ट पिळायची वेळ येते. एसी लावा, आमरस ओरपा आणि परत या.

– मेघना

~

प्रेषक: बापूकाका

चि. चिन्मय,

मेघनाचं मनावर घेऊ नकोस, ती पुण्याची आहे. मी ठाण्याला परतल्यापासून या यादीवर फारसं लिहीत नाही, पण विषय माझ्या आवडीचा निघाला.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढ: तळं आणि गळ यांची जोडी. तिकडे लायसन्स काढलं की सीझनमध्ये बहुतेक तळी तुझीच. इथे तसं नाही. तलाव असो की धरण, मासेमारीचा हक्क ठेक्याने कुठल्या तरी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. काठावर बसून गळ टाकलास तर कोणीतरी शिट्टी वाजवत येणारच. भातसा आणि तानसा नकाशावर फार सुंदर दिसतात, पण ते मुंबईला पाणी पुरवणारे जलाशय. तानसा तर १८९२ पासून तेच काम करतोय. शिवाय मे महिन्यात पाणी इतकं मागे हटलेलं असतं की आधी भेगाळलेल्या चिखलातून चालायचं आणि मग पाणी दिसायचं. पवईला गळवाल्यांची जुनी संस्था आहे, पण तिथे सभासदत्वाचा प्रश्न येतो आणि पाण्यात मगरीही आहेत. येऊरचं नाव कोणी काढलं तर सरळ नाही म्हण. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

तेव्हा तळं ठेवा बसायला आणि गरवायला जा खाडीवर.

बसायला उपवन तलाव. पहाटे साडेपाचला पोचायचं, येऊरच्या डोंगरावरून ऊन खाली उतरायच्या आत. आठनंतर तिथे थांबण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी. कोपिनेश्वराचं दर्शन, गडकरी रंगायतनवरून एक चक्कर, कट्ट्यावर भेळ. गर्दी असते, पण मित्रांबरोबर गप्पा हाणायच्या असतील तर मला ती गर्दी आवडते. तुमच्या केबिनची शांतता मी दोन उन्हाळे अनुभवलीय. तिसऱ्या दिवशी मला हॉर्नची आठवण यायला लागली होती.

आता गळ. घोडबंदरच्या बाजूला उल्हास खाडी लागते. गायमुख, नागला बंदर, कोलशेत, सगळा तोच किनारा. तिथे जायचं तर घड्याळ बाजूला ठेव आणि तिथी बघ. आमच्या कोळी मित्राचा हिशेब असा: तिथीला पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरती पूर्ण व्हायची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आत खाडीत पाणी थोडं उशिराने चढतं, तेवढं धरून चालायचं. पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी इतकं ओढतं की गळाच्या दोरीला बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरतीचा जोर कमी, पाणी मऊ. आणि गंमत बघ, नेमकी त्याच दिवशी भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे उन्हाच्या दोन्ही टोकांना. मे महिन्यात ठाण्यात गळ टाकायचा तर याहून बरी तिथी नाही. लग्नाच्या जवळची अष्टमी कालनिर्णयात बघून ठेव. पाणी चढत असतानाच मासा खातो, म्हणून पहाटे पाचच्या आत जागा धरायची.

गळाला लागेल बहुतेक शिंगाळा मासा. बोय ही दुसरी मासळी गळाला सहसा येत नाही, तिला पाग, म्हणजे फेकून टाकायचं जाळं लागतं. शिंगाळा वर आला की कुरकुरतो, अगदी ऐकू येण्याइतका, आणि मुलं खूश होतात. पण त्याला उघड्या हाताने धरू देऊ नकोस कुणाला. पाठीवरच्या आणि कानशिलाजवळच्या दोन्ही पंखांच्या पुढे एकेक करवती काटा असतो. तो घुसला की हात तासन् तास ठणकतो. जाड फडकं टाकायचं, डोक्याच्या मागून दाबून धरायचं, गळ उलटा फिरवून सोडवायचा आणि मासा परत पाण्यात. हो, परत पाण्यात. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, तिथला मासा मी तरी घरी आणत नाही. खायचे मासे बाजारातून. ३१ मेपर्यंत समुद्रातली ताजी मासळी मिळते. १ जूनपासून यांत्रिक बोटींना बंदी, ती जुलैअखेर.

गोड्या पाण्यात काठी धरायची हौस असेल तर कर्जत-नेरळकडे काही शेतांवर मासळीची तळी आहेत. रोहू, कटला असतो, धराल तेवढा किलोवर विकत घ्यायचा. थोडं बाजारात गेल्यासारखंच वाटतं, पण आंब्याखाली खाट टाकून देतात, त्यामुळे बायकामंडळी तुला दुवा देतील.

– बापू

~

प्रेषक: विद्याताई

बापूसाहेब, बायकामंडळींना खाट नको, आम्हालाही काठी द्या! गेल्या उन्हाळ्यात चिन्मयच्या बायकोने सगळ्यात मोठा वॉलआय काढला होता, फोटो आहेत.

बाकी खाण्याचं मी बघते, मी तेव्हा माहेरी चरईतच असेन. मे महिन्यात ठाण्यात कैरी घातलेली कोळंबी केली नाही तर आल्याचा उपयोग काय? कोळंबी सोलून डोकी टाकायची नाहीत. ती थोड्या पाण्यात उकळून, चेचून, गाळून घ्यायची, सगळी चव त्या पाण्यात. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, त्यावर हळद आणि आलं-मिरची-कोथिंबिरीचं वाटण. मग डोक्यांचं पाणी आणि कैरीच्या फोडी. कैरी बोटचेपी झाली की नारळाचं दूध, आणि कोळंबी अगदी शेवटी. पाच मिनिटांच्या वर ठेवलीत तर रबर. सोबत तांदळाची भाकरी. शाकाहाऱ्यांना वालाचं बिरडं, आणि ते उरलं तर मासे खाणारेही ताटात ओढतात, म्हणून जास्तच करते. नव्या आमसुलांची सोलकढी. ताडगोळे, करवंदं, जांभळं रस्त्यावरच्या टोपल्यांतून घ्या, मॉलमधून आणू नका.

बापू, ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते ते सांगायचं राहिलं का? मेअखेर पक्षी पांगायला लागतात, पण आधीच्या आठवड्यांत दिसतात. ती बोटही भरतीवरच सुटते, त्यामुळे बुकिंग आधी करा.

– विद्या

~

प्रेषक: चिन्मय

काका, ताई, झकास! अष्टमी सापडली, लग्नानंतर चौथ्या दिवशी आहे. आमच्या घडीच्या काठ्या आणू का? आणि आमिष काय लावायचं?

– चिन्मय

~

प्रेषक: बापूकाका

काठ्या आण, पण गळ आणि चाकू चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या सामानात अजिबात नको. रबरी मासे आणि चमच्यासारखी चकचकीत खोटी आमिषं तिकडेच ठेव, खाडीच्या गढूळ पाण्यात ते दिसतात कोणाला? शिंगाळ्याला कोळंबीचा तुकडा, रोहूला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून. दोन्ही मी आणतो. एक मोठं टॉवेलसारखं फडकं प्रत्येकाने आणायचं, ते मी पुरवणार नाही.

विद्याताई, कोळंबी चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळणीकडून घ्यायची आहे. किती माणसं जेवणार ते आदल्या रात्री दहाच्या आत कळवा, पहाटे मी फोन उचलत नाही. मेघना, तू येणार असशील तर तुझंही पान धरतो.

– बापू